नाही म्हणता येण्याइतके कौशल्य

गरीब घरातल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला समाज जेव्हा फुकट काम शिकवतो, विद्यावेतन देतो, नोकरीच्या दारापर्यंत नेऊन पोहोचवतो, तेव्हा तो नेमके काय करत असतो? वरवर पाहता हा प्रश्न प्रशासनाचा वाटतो: केंद्रे किती, जागा किती, निधी किती. मुळात मात्र तो धर्माचा आणि नीतीचा प्रश्न आहे. त्याला तीन उत्तरे दिली जातात आणि प्रत्येक उत्तरातून वेगळी योजना जन्माला येते. पहिले उत्तर सांगते की हे दान आहे. देणाऱ्याला पुण्य, घेणाऱ्याला आधार. दुसरे सांगते की ही गुंतवणूक आहे. देश तरुण आहे तोवर या हातांना कामाला लावले तर उत्पादन वाढेल. तिसरे सांगते की ही ऋणफेड आहे. या मुलांचे समाजाकडे काही येणे आहे आणि ते देणे समाजाला चुकवता येणार नाही. मला तिसरे उत्तर खरे वाटते. पण ऋण म्हटले की ते फिटले केव्हा, हेही सांगावे लागते. माझे म्हणणे असे की ते मुलाला नोकरी लागली त्या दिवशी फिटत नाही. पटत नसलेल्या, अपमानाच्या किंवा जिवावर बेतणाऱ्या कामाला नाही म्हणण्याची ताकद ज्या दिवशी त्याच्या अंगी येते, त्या दिवशी ते फिटते.

दानाची बाजू आधी पुरती ऐकून घेतली पाहिजे, कारण जगातल्या धर्मपरंपरांनी तिचा बारकाईने विचार केला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगून परतफेडीच्या आशेने दिलेले दान राजस ठरवले आहे. बाराव्या शतकातला ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिडीस याने दानधर्माच्या आठ पायऱ्या मांडल्या. त्यांतल्या सर्वांत वरच्या पायरीवर त्याने अन्न किंवा पैसा ठेवला नाही. गरजूला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन त्याच्यावर पुन्हा हात पसरण्याची वेळ येऊ नये, ही व्यवस्था ठेवली. त्याच्याही कितीतरी आधीची कथा दीघनिकायातल्या कूटदन्त सुत्तात आहे. महाविजित राजाला मोठा यज्ञ करायचा असतो, पण राज्यात लुटालूट माजलेली असते. पुरोहित त्याला सांगतो की अशा वेळी नवा कर बसवणे अन्यायाचे होईल, आणि चोरांना मारून किंवा कोंडून उपयोग नाही, कारण उरलेले पुन्हा त्रास देतील. जे शेती करतात आणि गुरे पाळतात त्यांना बियाणे व चारा द्यावा, व्यापाऱ्यांना भांडवल द्यावे, राजसेवकांना अन्न आणि वेतन द्यावे. माणसे आपापल्या कामाला लागली की राज्य शांत होईल. राजा तसे करतो आणि मगच यज्ञ करतो, तोही एकाही पशूचा बळी न देता. गुन्हेगारीचे मूळ दारिद्र्यात आहे आणि दारिद्र्यावरचा उपाय उपजीविकेत आहे, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारे धार्मिक साहित्य फार थोडे आहे.

तरीही याच कथेत दानाची मर्यादाही दिसते. राजा शेतकऱ्याला बियाणे देतो. शेतकऱ्याच्या मुलाला शेतीच करायची आहे का, हे कोणी विचारत नाही. दानात काय द्यायचे, किती द्यायचे आणि कधी थांबायचे, हे सारे देणाऱ्याच्या हाती राहते. घेणाऱ्याच्या वाट्याला कृतज्ञता येते, आणि कृतज्ञ माणसाला तक्रार करणे जड जाते. महाराष्ट्रात शासकीय आयटीआयमधल्या मुलांचे विद्यावेतन कित्येक दशके महिना ४० रुपये होते. एस.टी.च्या पासालाही न पुरणारी ही रक्कम २०२३ मध्ये ५०० रुपये झाली. इतकी वर्षे ती तशीच राहू शकली, याचे एक कारण असे की ती देणे म्हणून कोणी मोजलीच नाही. दान अपुरे पडले तर बोलता येत नाही. देणे अपुरे पडले तर बोलता येते, मागता येते, भांडता येते. म्हणून या मदतीला कोणते नाव द्यायचे, हा नुसता शब्दांचा वाद नाही. घेणारा समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा राहू शकतो की नाही, हे त्या नावावर अवलंबून आहे.

ऋणाची कल्पना आपल्याकडे नवी नाही. शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे की जो कोणी अस्तित्वात आहे तो जन्मतःच ऋणी आहे: देवांचा, ऋषींचा, पितरांचा आणि माणसांचा. या चौकटीतून बहुसंख्य लोकांना विद्येच्या बाहेर ठेवले गेले, हा इतिहास झाकता येणार नाही. पण त्या कल्पनेचा गाभा तिच्या वापरकर्त्यांपेक्षा मोठा आहे. माझ्याकडे असलेली कोणतीही विद्या माझ्या एकट्याची नाही. ती मला मिळाली, म्हणून ती पुढे देणे मला बंधनकारक आहे. हे ऋण कोणाचे आणि किती, याचा हिशेब आधुनिक महाराष्ट्रात महात्मा फुल्यांनी मांडला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की सरकारच्या महसुलाचा मोठा भाग राबणाऱ्या रयतेच्या कष्टातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे झुकतो. ज्यांनी पैसा दिला त्यांचीच मुले अक्षरापासून दूर राहतात. फुल्यांनी येथे दयेची याचना केली नाही, येणे मागितले. आजही हा हिशेब बदललेला नाही. शहरातल्या इमारती, रस्ते, भाजीबाजार, घरकाम, कचरा उचलणे हे सारे ज्यांच्या स्वस्त श्रमावर चालते, त्यांच्या घरातली मुले दहावी-बारावीनंतर थांबतात. त्या श्रमाची पूर्ण किंमत आपण कधीच चुकती केलेली नाही. त्या मुलांना काम शिकवण्यावर होणारा खर्च ही त्या थकबाकीची फेड आहे.

देणे मान्य केले तरी ते कोणत्या रूपात द्यायचे, हा प्रश्न उरतो, आणि येथे मराठी मनाला प्रिय असलेल्या एका विचाराची परीक्षा घ्यावी लागते. काम हीच पूजा, हा तो विचार. वारकरी संतांची मांदियाळी म्हणजे श्रमाच्या प्रतिष्ठेचा एक अपूर्व उत्सव आहे: गोरोबा कुंभार, सावतोबा माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. त्याआधी बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणच्या शिवभक्त शरणांनी कायक म्हणजे श्रम हाच कैलास मानला आणि दोर वळणारा, नाव चालवणारा, चामडे कमावणारा यांना अनुभव मंटप या आपल्या धर्मसभेत एका पंगतीला बसवले. हा वारसा मोलाचा आहे. पण त्याच वारशात चोखोबांचे मरणही आहे. परंपरा सांगते की मंगळवेढ्यात गावकुसाचे बांधकाम करताना ते कोसळले आणि चोखोबा इतर मजुरांसह त्याखाली गाडले गेले. चोखोबांच्या भक्तीला सीमा नव्हती, पण ते काम त्यांनी निवडलेले नव्हते. ज्या देवाची त्यांनी आयुष्यभर आळवणी केली, त्याच्या देवळाची पायरीही त्यांना ओलांडू दिली गेली नव्हती. कल्याणमध्येही श्रमाला पवित्र म्हणण्यापर्यंत सत्तेने सहन केले. शरणांनी जातीची रेघ ओलांडून विवाह जुळवला, तेव्हा मात्र तिने रक्त सांडले. यातून एक गोष्ट उघड होते. श्रमाला पवित्र म्हणणे सोपे आहे. श्रम करणाऱ्याला तो बदलण्याची मुभा देणे अवघड आहे, आणि ती मुभा नसेल तर श्रमाचे गौरवगान त्याच्या पायातली बेडी होऊ शकते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या निबंधात हा धागा शेवटपर्यंत नेला. जातीने केवळ कामाची नव्हे, तर कामगारांचीच वाटणी केली आणि ती माणसाच्या आवडीवर किंवा कुवतीवर न बेतता आई-बापांच्या दर्जावर बेतली, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी त्यापुढे मांडलेला मुद्दा या विषयासाठी अधिक महत्त्वाचा आहे: काळ बदलला, धंदे बदलले, तरी माणसाला दुसऱ्या धंद्यात जाता येत नसेल तर ती बंदीच बेकारीचे कारण बनते. आता गीतेतला स्वधर्माचा विचार याच्याशेजारी ठेवून पाहावा. स्वधर्म जन्मावर ठरतो, असे मानणाऱ्याशी वाद घालण्याचे आता कारण उरलेले नाही. संविधानाने तो संपवला आहे. पण स्वधर्म गुणांवर आणि स्वभावावर ठरतो, असे मानणाऱ्यांवर मोठी जबाबदारी येते. स्वभाव कळायला वेळ लागतो, चार गोष्टी करून पाहाव्या लागतात, चुकावे लागते. सुखवस्तू घरातल्या मुलाला ही मुभा घरच देते: शाखा बदलणे, एखादे वर्ष वाया जाणे, नवा अभ्यासक्रम घेणे. गरीब मुलाला ती कोणीच देत नाही. स्वभाव ओळखण्याची संधी नाकारून स्वधर्म शिकवणे, हा त्या कल्पनेचाच अवमान आहे.

विसाव्या शतकाने या बाबतीत दोन उलट दिशांचे प्रयोग पाहिले. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने प्राथमिक शाळेचा वेळ अर्ध्या दिवसावर आणला आणि उरलेल्या वेळात मुलाने घरचा व्यवसाय शिकावा, अशी योजना आणली. हेतू खर्च वाचवण्याचा आणि श्रमाशी नाते जोडण्याचा सांगितला गेला. परिणाम मात्र स्पष्ट होता: न्हाव्याचा मुलगा वस्तरा धरणार आणि धोब्याचा मुलगा घाटावर जाणार. पेरियार आणि द्रविड चळवळीने रान उठवले. १९५४ मध्ये राजगोपालाचारी पायउतार झाले आणि कामराजांनी ती योजना मागे घेतली. दुसऱ्या बाजूला सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली. तिथेही मुले राबत होती, शेतात आणि बांधकामावर घाम गाळत होती. पण सर्व जातींची मुले एकच काम करत, एकत्र जेवत, आणि त्या श्रमातून त्यांच्या पुढच्या शिक्षणाची वाट निघत असे. 'कमवा आणि शिका' या सूत्रात कमाई शिक्षणासाठी होती. मद्रासच्या योजनेतही हाताला काम होते. तिथे श्रम मुलाला घराण्याच्या चौकटीत परत ढकलत होता आणि साताऱ्यात तो त्याला चौकटीबाहेर काढत होता. प्रशिक्षणाची नैतिक किंमत ठरवायची असेल तर काम कोणते शिकवले एवढेच विचारून भागत नाही. त्या कामानंतर मुलासमोर किती वाटा उघडल्या, हे विचारावे लागते.

आजच्या योजनांना हाच प्रश्न लावला पाहिजे. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून देशभर आयटीआय उभी राहिली आणि फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन या ट्रेडमधून कित्येक घरांत पहिला कायम पगार आला. हे श्रेय नाकारता येणार नाही. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली आणि काही महिन्यांच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांवर भर आला. २०१६ मध्ये नेमलेल्या शारदा प्रसाद समितीने आकड्यांच्या लक्ष्यामागे धावण्यावर टीका केली होती. किती मुले प्रमाणित झाली, हे मोजणे सोपे असते. दोन वर्षांनी ती कुठे आहेत, हे मोजणे अवघड असते. मुलींना अजूनही शिवणकाम आणि ब्युटी पार्लरकडेच वळवले जाते, वस्तीतल्या मुलांना माल पोहोचवणे आणि पहारा यांकडे. २०२४ मध्ये महाराष्ट्राने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली: बारावी उत्तीर्णांना महिना सहा हजार, आयटीआय व पदविकाधारकांना आठ हजार, पदवीधरांना दहा हजार. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिने झाली. हातात पैसे आले, कार्यालयात बसण्याचा अनुभव आला, आणि मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न घेऊन प्रशिक्षणार्थी रस्त्यावर आले. त्यांना अधीर म्हणणे अन्यायाचे आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसारही शिकणारा कामगार मानला जात नाही. शिकण्याच्या नावाखाली काम करून घ्यायचे आणि कामगाराचे हक्क मात्र द्यायचे नाहीत, ही फट बुजवली नाही तर ऋणफेडीच्या जागी नवे ऋण चढते.

या मांडणीवर पहिला आक्षेप भुकेचा आहे. घरात उद्याचे पीठ नाही तिथे निवडीच्या गप्पा कोणासाठी? आधी मिळेल ते काम, मग बाकीचे. या आक्षेपामागची कळकळ खरी आहे आणि तिला उत्तर देणे भाग आहे. पण निवड करता येत नाही याचे कारण भूक असेल, तर उपाय निवड रद्द करण्यात नाही. शिकण्याच्या काळात भूक भागवण्यात आहे. म्हणूनच विद्यावेतन, वसतिगृह आणि प्रवासखर्च हे प्रशिक्षणाचे मुख्य अंग आहे. सहा महिने घर चालवण्याची चिंता मिटली, तर विसाव्या वर्षी मुलगा पुढच्या चाळीस वर्षांचा विचार करू शकतो. ती मिटली नाही, तर उत्तम प्रशिक्षकही त्याला तिसऱ्या आठवड्यात नाक्यावरच्या रोजंदारीपासून परावृत्त करू शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे: नोकऱ्याच नसतील तर निवड कशाची? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालानुसार २०२२ मध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेरोजगारी ३.४ टक्के होती, तर पदवीधर तरुणांत २९.१ टक्के. हे आकडे दाखवून कोणी म्हणेल की शिक्षणाने बेकारी वाढते, तेव्हा गरिबाला झटपट एक काम शिकवा आणि पुरे करा. मला त्यांचा अर्थ वेगळा दिसतो. निरक्षर तरुण बेकार राहत नाही, कारण बेकार राहणे त्याला परवडत नाही. तो मिळेल त्या मजुरीला होय म्हणतो. पदवीधर थांबतो, कारण त्याला थोडे तरी थांबता येते. या दोघांमधले अंतर नकाराच्या क्षमतेचे अंतर आहे. चांगल्या नोकऱ्या कमी आहेत, हे खरेच, आणि त्या प्रशिक्षणातून निर्माण होत नाहीत. त्यासाठी उद्योग, शेती आणि सार्वजनिक सेवा यांची धोरणे लागतात. जिथे नोकऱ्या नाहीत तिथे प्रमाणपत्रे वाटून दोष मुलाच्या कौशल्यावर ढकलणे, हे असत्य आहे. ऋणको आपल्या अडचणीचे खापर धनकोवर फोडू शकत नाही.

तिसरा आक्षेप समाजाच्या सोयीचा आहे: सर्वांनाच नाही म्हणता येऊ लागले तर अवघड आणि घाणीची कामे कोण करणार? याला उत्तर आपल्या कायद्यांच्या इतिहासात आहे. हाताने मैला उचलण्याची प्रथा १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायद्याने बंद केली, तरी गटारात माणसे मरत राहिली, कारण गटारात उतरणाऱ्याकडे दुसरी वाट नव्हती. जिथे माणूस नकार देऊ शकतो तिथे यंत्र येते, साधने येतात, मजुरी वाढते. जिथे तो देऊ शकत नाही तिथे कायदाही कागदावर राहतो. याच आक्षेपाला कधी गीतेचा आधार जोडला जातो: फळाची आशा न धरता कर्म करावे, मग मजुरी आणि दर्जाची तक्रार कशाला? पण फळाचा त्याग फक्त त्यालाच करता येतो, ज्याच्या हाती फळ आहे. ज्याचे फळ दुसऱ्यानेच नेले त्याने ते सोडले, असे म्हणता येत नाही. निष्काम कर्म ही स्वतंत्र माणसाची साधना आहे. ती दुसऱ्यावर लादली की तिचे नाव वेठबिगारी होते.

मग ऋणफेडीचे रूप काय असावे? महाराष्ट्राने याचे उत्तर एकदा दिलेले आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काम मागणे हा हक्क ठरला आणि तो पुरा करण्यासाठी शहरातल्या पगारदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. मुंबईतल्या कारकुनाने माणदेशातल्या मजुराला दान दिले, असे त्या व्यवस्थेत कोणी म्हणत नव्हते. एका प्रदेशाने आपल्याच दुसऱ्या भागाचे देणे मान्य केले होते. पण ती हमी अकुशल श्रमाची होती. खडी फोडण्याचा हक्क मिळाला, खडी फोडण्यापलीकडे जाण्याचा मिळाला नाही. पुढचे पाऊल कौशल्याच्या हमीचे आहे. मुलाला निवडीपूर्वी निरनिराळी कामे पाहायला आणि करून पाहायला अवधी मिळावा. शिकताना जगण्यापुरते विद्यावेतन मिळावे. शिकाऊ उमेदवाराला कामगाराचे मूलभूत संरक्षण मिळावे. आयटीआयनंतर पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची जी वाट आज आहे, ती पदवीपर्यंत रुंद व्हावी. योजनेचे यश पहिल्या नोकरीवर मोजू नये. दोन-तीन वर्षांनी त्या तरुणाने स्वतःच्या इच्छेने काम टिकवले, बदलले की नाकारले, यावर मोजावे. नोकरी सोडून अधिक चांगल्या कामाला गेलेली मुलगी आजच्या तक्त्यात गळती म्हणून नोंदली जाते. खरे तर तिच्यापुरते ऋण फिटलेले असते. धर्माने आपल्याला काम पवित्र मानायला शिकवले, आणि ते शिकवणे वाया गेलेले नाही. आता त्याला जोडून दुसरी अर्धी गोष्ट शिकायची आहे: ज्याला नाही म्हणता येते त्याच्याच होकाराला मोल असते, आणि अशा होकारातून केलेले कामच पूजा म्हणवून घेण्यास पात्र ठरते.